अर्क नेमका कधी लावला? उंदरांच्या त्वचेवरच्या गाठींचं मॉडेल घेताय त्यांच्यासाठी

नाशिकच्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.च्या दर बॅचला द्राक्षाच्या बियांच्या अर्काचा विषय घेऊन येणारा एक तरी असतोच. मीही त्यातलीच. १९९७ साली 'सायन्स'मध्ये द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉल या घटकामुळे उंदरांच्या त्वचेवरच्या गाठी कमी झाल्याचं छापून आलं, त्यामुळे सिनॉप्सिसला आधार आयताच मिळतो. विषय बरा आहे. घ्या खुशाल. फक्त उंदरांचे ग्रुप पाडताना घाई करू नका.

उंदराच्या पाठीवर डीएमबीए (गाठीची सुरुवात करणारं रसायन) एकदा, मग आठवड्यातून दोनदा टीपीए (गाठ वाढवणारं रसायन), हे तुम्हाला पाठ असेल. पण दोन्हींचं काम वेगळं आहे. डीएमबीए त्वचेतल्या एन्झाइममुळे सक्रिय होऊन डीएनएतल्या अ‍ॅडेनीनला चिकटतं आणि बहुतेक गाठींत एचरास या पेशीवाढीच्या जनुकाच्या ६१व्या कोडॉनवर (तीन अक्षरी संकेतावर) सीएएचं सीटीए झालेलं सापडतं. वरून उंदराची पाठ अगदी स्वच्छ दिसते. हा बदल कायमचा: टीपीए काही महिने उशिरा सुरू केलं तरी गाठी येतात. टीपीए जनुकाला हात लावत नाही. ते प्रोटीन कायनेज सी हे पेशीला वाढीचा इशारा देणारं एन्झाइम चेतवतं, सूज आणतं, पेशी वाढायला लावतं आणि त्या गर्दीत बदललेल्या पेशी पुढे सरकतात. क्रम उलटा केला तर गाठी येत नाहीत. लवकर थांबलात तर आलेल्या काही विरतातही. बेरेनब्लम आणि शुबिक यांनी १९४७ मध्ये हे क्रोटन तेलावर दाखवलं, म्हणजे आपल्या जमालगोट्याच्या तेलावर. टीपीए त्याच तेलातून वेगळं काढलेलं.

आता खड्डा. सीनियरच्या थिसिसमधून उतरवलेल्या प्रोटोकॉलमध्ये अर्क डीएमबीएच्या आठवडाभर आधीपासून शेवटपर्यंत चालू असतो. गाठी कमी येतात, आपण खूश. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे परीक्षक विचारतात, "तुमच्या अर्कानं काय थांबवलं?" उत्तर नसतं. एन्झाइम दबल्यामुळे डीएमबीए सक्रियच झालं नसेल. टीपीएची सूज उतरली असेल. किंवा अर्काचा चिकट थर पाठीवर बसला आणि रसायन आत शिरलंच नाही! तिन्ही शक्यतांत आकडा सारखाच दिसतो. कितीही स्टॅटिस्टिक्स लावा, एका ग्रुपमधून हे सुटं होत नाही.

म्हणून एका ग्रुपला अर्क फक्त डीएमबीएच्या आगेमागे द्या आणि बंद करा. दुसऱ्याला डीएमबीएनंतर आठवड्याने, फक्त टीपीएच्या काळात. तिसऱ्याला दोन्ही वेळी. नुसत्या अ‍ॅसिटोनचा (ज्यात रसायनं विरघळवून लावतो), नुसत्या अर्काचा आणि अर्काविना डीएमबीए-टीपीएचा ग्रुप हवाच. थराची शंका मिटवायची तर अर्क तोंडावाटे द्या. आणि हे सगळं एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा. जनावरं वाढतात, कारण विचारतील, सांगा. नंतर ग्रुप वाढवायला पुन्हा मंजुरी लागते, तोवर तुमची मुदत संपते. गाईडची सही झाली म्हणजे त्यांनी डिझाइन वाचलं असं समजू नका. माझ्या मते अर्धे गाईड फक्त शीर्षक वाचतात.

बाकीचं जमतं, घाबरू नका. सात-आठ आठवड्यांच्या माद्या घ्या. नर एकत्र ठेवले की चावतात, आणि जखम स्वतःच गाठींना चालना देते. दोन दिवस आधी केस काढा. ज्यांचे लगेच उगवायला लागले त्यांना घेऊ नका, केसांच्या चक्रानुसार त्वचेचा प्रतिसाद बदलतो. सी५७बीएल/६ ही उंदरांची जात या मॉडेलला दाद देत नाही. डीएमबीए मात्र हुडखालीच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच. अ‍ॅसिटोन पातळ हातमोज्यातून झिरपतं, दोन जोड्या घाला, थेंब पडला की लगेच बदला. इथे हिरोगिरी नको.

आणि शीर्षकात 'कर्करोग' लिहू नका. पॅपिलोमा (कर्करोग नसलेल्या गाठी) दोन-तीन महिन्यांत दिसू लागतात, पण त्यातले बहुतेक पुढे कार्सिनोमा (कर्करोगाच्या गाठी) होत नाहीत, आणि जे होतात त्यांना आणखी कित्येक महिने लागतात. तुमच्या थिसिसच्या मुदतीत पॅपिलोमाच बसतात, तेच लिहा.