गोळ्यांशिवाय साठवणीतील कीड कशी मारावी: हवाबंद पोते आणि कार्बन डायऑक्साइड

तुरीला भुंगेरे किंवा तांदळाला सोंडे लागले की पोत्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी टाकण्याची सवय अजूनही आढळते. ती जिवावर बेतू शकते, कारण ओलावा लागताच गोळीतून सुटणारा फॉस्फिन वायू बंद घरातील माणसांनाही मारतो. म्हणूनच भारतात तिचा वापर शासकीय यंत्रणा व मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. शिवाय अनेक किडींत या वायूविरुद्ध प्रतिकारशक्ती आली आहे.

घरासाठी हवाबंद पोते हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. धान्य कडक उन्हात वाळवून पूर्ण गार होऊ द्यावे. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. ओलसर धान्य हवाबंद केल्यास त्यावर बुरशी चढते, म्हणून ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. त्यानंतर एकात एक घातलेल्या दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या आत असलेल्या विणलेल्या पोत्यात धान्य भरावे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ही रचना कॅमेरूनमधील चवळीच्या साठवणीसाठी विकसित केली. पोते थोडे आपटून दाणे बसवावेत, वरची हवा दाबून काढावी आणि प्रत्येक पिशवीचे तोंड पिळून, दुमडून, वेगवेगळे आवळून बांधावे. आतील किडे उरलेला ऑक्सिजन स्वतःच वापरून टाकतात; तो सुमारे ५ टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचे खाणे थांबते. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या या किड्यांना लागणारे पाणी मुख्यतः अन्नाच्या ज्वलनातूनच मिळते, त्यामुळे ऑक्सिजनअभावी ते सुकून मरतात. पोते फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावे, उंदरांपासून जपावे आणि निदान महिनाभर उघडू नये. ‘जरा बघू या’ म्हणून गाठ सोडली की ताजी हवा आत जाते आणि सगळे मुसळ केरात.

व्यापाऱ्याच्या पोत्यांच्या थप्पीसाठी सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइड वापरता येतो, मात्र हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. थप्पीखाली व थप्पीवर वायुरोधक आच्छादन घालून कडा चिकटवतात, वायू खालून सोडतात आणि आतली हवा वरच्या फटीतून बाहेर जाऊ देतात. प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावर फट बंद करतात. पुढे ते १५ दिवस ३५ टक्क्यांहून खाली येऊ द्यायचे नसते. धान्य २० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, किंवा खापरा भुंग्याच्या (साठवलेल्या धान्यातील एक कीड) सुप्तावस्थेतील चिवट अळ्या असतील, तर अधिक दिवस लागतात. हा वायू वासरहित आणि हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत साचतो. म्हणून आच्छादन काढल्यावर गोदामाची दारे-खिडक्या उघडून वायुमापकाने खात्री झाल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये.