पेन्शनची जुनी फाईल वाचताय? या चुका टाळा

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–१८६५) जखमी झालेल्या शिपायाची पेन्शन फाईल हाती पडली की नवशिके तासाभरात निकाल देऊन मोकळे होतात: म्हातारा लबाड होता. अशा फायली लावून द्यायला लोक माझ्याकडे येतात, आणि हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत.

ओहायोत स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी बायकोच्या खापरपणजोबांची फाईल मागवली. सैन्याच्या नोंदीत जखम सप्टेंबर १८६३ ची, चिकामॉगाच्या लढाईतली, डाव्या मांडीत गोळी. फायलीतल्या डॉक्टरी दाखल्यावर मात्र ‘४/१८’. त्यांनी ते अमेरिकन पद्धतीने १८ एप्रिल असं वाचलं आणि ‘तारखाच जुळत नाहीत’ म्हणून सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. सासूबाईंनी अबोला धरला. अहो, तो अपूर्णांक आहे! डॉक्टरांचं मंडळ अर्जदाराला तपासायचं, नाडी-वजन लिहायचं, दाखल्यावर छापलेल्या माणसाच्या पाठमोऱ्या-समोरच्या आकृतीवर जखमेची खूण करायचं आणि अपंगत्व अठरांशांत मांडायचं. त्या आकृतीवर डाव्या मांडीत शाईचा ठिपका ठळक दिसत होता. पान उलटून बघायचे कष्ट कोणी घ्यायचे?

दुसरी चूक याहून जुनी. १८६० च्या दशकातल्या अर्जात मांडीतली गोळी, १८९१ च्या अर्जात संधिवात, मूळव्याध आणि हृदयविकार. झालं, ‘पैशासाठी आजार वाढवले’! आधी कायदा बघा. १८६२ च्या कायद्यात दुखणं लष्करी सेवेतूनच आलं हे सिद्ध करावं लागे. पूर्ण अपंगत्वाला साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. १८९० च्या कायद्याने ती अट काढली. ९० दिवसांची नोकरी, सन्मानाने सुटका आणि अंगमेहनत करून पोट भरता येत नाही एवढं पुरे; दुखणं स्वतःच्या व्यसनांतून आलेलं नसलं म्हणजे झालं. मिळायचे ६ ते १२ डॉलर. मग वकील अंगातलं प्रत्येक दुखणं लिहिणारच, तो त्याचा धंदा होता. १९०७ मध्ये तर नुसतं वय चालू लागलं: ६२ ला १२, ७० ला १५, ७५ ला २० डॉलर. तेव्हापासून फायलींत जन्माचे पुरावे दिसतात, कधी घरच्या बायबलातून फाडलेलं पानसुद्धा.

माझी सवय साधी आहे. स्कॅन उलटसुलट येतात, म्हणून आधी सगळे कागद तारखेने लावायचे आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्या वेळचा कायदा लिहायचा. मगच वाचायला बसायचं. फाईल ॲपमध्ये टाकून ‘सारांश काढ’ म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये.

दक्षिणेच्या, म्हणजे केंद्र सरकारविरुद्ध लढलेल्या राज्यांच्या, शिपायाला वॉशिंग्टनमध्ये शोधू नका. केंद्र सरकार त्यांना पेन्शन देत नव्हतं. दक्षिणेतली राज्यं देत, आणि अर्ज शिपाई म्हातारपणी राहत होता त्या राज्यात असतो, भरती झाला तिथे नव्हे.

पेन्शन फायलींच्या नुसत्या सूचीच्या कार्डावर कथा रचू नका. त्यावर नाव, पलटण आणि अर्जाचे नंबर असतात, जखम नसते.

नाव सापडत नाही म्हणून हार मानू नका. कृष्णवर्णीय पलटणींतले कित्येक गुलामीतून सुटलेले, एका नावाने लढले आणि दुसऱ्या नावाने जगले. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनचे पती नेल्सन डेव्हिस सैन्यात ‘नेल्सन चार्ल्स’ होते. १८८८ मध्ये ते वारले, आणि हॅरिएटना विधवा म्हणून महिना ८ डॉलर मिळायला १८९५ उजाडलं.

शिपाई वारला की फाईल संपली, असंही समजू नका. बायको-मुलांचे अर्ज पुढे चालू राहतात. एका शिपायाची मुलगी तर २०२० पर्यंत महिना ७३ डॉलर १३ सेंट घेत होती. विधवेच्या अर्जाचा नंबर वेगळा असतो. सूचीच्या कार्डावर शिपायाच्या नंबराखालची ओळ बघा.