विममध्ये कोड अलाइन करताना या चुका टाळा

दुरुस्ती दोन ओळींची आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी फाइल लाल-हिरवी. असा रिव्ह्यू उघडला की लगेच कळतं, कुणीतरी विम या एडिटरमध्ये जी, जी, =, कॅपिटल जी दाबून मोकळं झालंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचं इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) एका फटक्यात! नवशिक्यांना ही कमांड फार आवडते, कारण काही ठरवावं लागत नाही. माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

आमच्या एका जुन्या टीममध्ये बिलिंगच्या फाइलमधली एक अट बदलायची होती. काम एका नवख्या मुलाकडे गेलं. त्याने अट बदलली, फाइल विस्कटलेली दिसली म्हणून पूर्ण अलाइन केली आणि सगळं एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत) ढकललं. एवढा मोठा डिफ नीट वाचतो कोण? ‘इंडेंटचेच बदल आहेत’ म्हणून तो पास झाला. त्या गर्दीत खालच्या लूपमधल्या <= चं < झालं होतं आणि महिन्याचा शेवटचा दिवस हिशोबातून गळायला लागला. आम्ही शोधायला बसलो तर गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणारी कमांड) जवळपास प्रत्येक ओळीवर त्याच मुलाचं नाव दाखवत होतं. शेवटी गिट डिफला -डब्ल्यू लावून नुसत्या स्पेसचे बदल लपवले. मोजक्या ओळी उरल्या आणि त्यात ते < समोर आलं.

म्हणून मी फक्त हात लावलेला ब्लॉक अलाइन करतो. कर्सर महिरपी कंसाच्या आत ठेवायचा आणि =, आय, { दाबायचं. एकच ओळ असेल तर ==. फाइल खरोखरच विस्कटलेली असेल तर तिच्यासाठी वेगळा कमिट, आणि त्यात कोडचं एक अक्षरही बदलायचं नाही. गिट 2.23 पासून असे कमिट ब्लेममधून वगळता येतात. ती सोय वापरा.

आणखी एक. विमच्या कॉन्फिगमध्ये ‘फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन’ नसेल तर = ला भाषा कळत नाही आणि विम तुमच्या फाइलला सी भाषेचे नियम लावतो. मग एचटीएमएलचा चुथडा झाला की लोक विमला नावं ठेवतात. पायथनमध्ये तर = जपूनच वापरा. तिथे इंडेंट हाच अर्थ असतो. ब्लॉक कुठे संपवायचा हे तुमच्या मनात असतं, एडिटरला ते कुठून कळणार?

टॅब आणि स्पेसची खिचडी

‘माझ्याकडे तर सरळ दिसतंय’ हे वाक्य ऐकून कान किटलेत. विममध्ये टॅब मुळात 8 रकान्यांचा असतो, बऱ्याच एडिटरांमध्ये 4 चा. त्यामुळे एकाकडे सरळ दिसणारी ओळ दुसऱ्याकडे वाकडी होते. पायथन 3 अशी संदिग्ध मिसळ चालवूनच घेत नाही, सरळ टॅबएरर देतो. डोळ्यांवर विसंबू नका, :सेट लिस्ट टाइप करा. विममध्ये टॅब ^आय असा आणि ओळीचा शेवट $ असा दिसेल.

मग घाईत टॅब-स्पेस बदलणारी :रीटॅब कमांड मारू नका. आधी एक्स्पांडटॅब (टॅबऐवजी स्पेस वापरायचं सेटिंग) चालू आहे का ते बघा, नाहीतर टॅब टॅबच राहतील. आणि मेकफाइलवर (मेक या बिल्ड टूलच्या सूचनांच्या फाइलवर) ही कमांड चालवूच नका. तिथे रेसिपीच्या, म्हणजे चालवायच्या कमांडच्या, ओळीआधी टॅबच लागतो. स्पेस आले की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं, आणि नवखा माणूस त्या ओळीकडे कितीही वेळ बघत बसला तरी त्याला चूक दिसत नाही.

3>> म्हणजे तीन पायऱ्या नव्हेत

नॉर्मल मोडमध्ये 3>> तीन ओळी इंडेंटची एकेक पायरी आत सरकवतं. एकच मजकूर तीन पायऱ्या आत न्यायचा असेल तर तो व्हिज्युअल मोडमध्ये निवडून 3> दाबा. > नंतर निवड सुटते म्हणून पुन्हा पुन्हा निवडत बसू नका. टिंब दाबलं की तीच कृती पुन्हा होते. मी टिंबावरच भागवतो, त्यासाठी वेगळं मॅपिंग (स्वतःचा शॉर्टकट) कधी केलं नाही.

= एका रेषेत आणायचा हव्यास

कोडमधली = चिन्हं एकाखाली एक यावीत म्हणून ओळी निवडून कॉलम -टी या कमांडमधून काढायची युक्ती सगळीकडे सांगतात. ती डावीकडचं इंडेंट खाऊन टाकते आणि अवतरणांतली वाक्यंही स्पेसपाशी तोडून रकान्यांत पसरवते, हे मात्र कुणी सांगत नाही. ईझी-अलाइन किंवा टॅब्युलर प्लगइन वापरा. त्याआधी भाषेची रीत बघा. पायथनचा शैलीचा नियमसंच पेप 8 अशा रांगा लावू नका असं स्पष्ट सांगतो, आणि गो भाषेत गोफम्ट हा फॉरमॅटर ते काम स्वतःच करतो. माझं मत विचाराल तर = च्या रांगा लावूच नयेत. एक लांब नाव आलं की शेजारच्या सगळ्या ओळी पुन्हा बदलतात.

बाहेरून आणलेला कोड पेस्ट करताना इंडेंट बिघडू नये म्हणून :सेट पेस्ट केलंत तर काम झाल्यावर :सेट नोपेस्ट करा. ते चालू असेपर्यंत ऑटोइंडेंट आणि एक्स्पांडटॅब दोन्ही बंद असतात. कमिटच्या आधी गिट डिफ --चेक चालवा. ओळीच्या टोकाला उरलेले स्पेस तिथेच सापडतात.