एका पगारात जर्मनीत घर चालवायचं तर

आम्ही भुसावळहून जर्मनीत आलो, मिस्टरांचा जॉब, माझी शाळेतली नोकरी सोडलेली, दोन पोरं. पहिले सहा महिने मी कोथिंबिरीत पैसे वाचवत बसले आणि खरे पैसे कागदांत अडकलेले, म्हणून निघायच्या आधी हे वाचून घ्या.

ऑफर लेटरवरच्या आकड्याचे रुपये करून घरी सांगूच नका. तो ग्रॉस असतो, टॅक्स नि विमा कापून हातात बरंच कमी येतं, पण तोवर अख्ख्या भाऊबंदकीत पोरगं करोडपती झालेलं असतं.

कमावणारा एकच असेल तर फॅमिली आल्यावर टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा गट, बदलून घ्या, कमावणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला ५, अर्ज फिनान्झआम्टात, म्हणजे टॅक्स ऑफिसात करायचा, हातात येणारा पगार दर महिन्याला वाढतो. आमचं लांबलं कारण लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव एक आणि पासपोर्टवर दुसरं, तेव्हा ते तिकडेच जुळवून या. तसंच किंडरगेल्ड, पोरांसाठी सरकार देतं ते, २०२५ मध्ये पोरामागे महिन्याला २५५ युरो होते. उशिरा अर्ज केला तर मागचे फक्त ६ महिन्यांचे मिळतात, त्याआधीचे बुडाले.

आरोग्य विमा सरकारी घ्या, त्यात न कमावणारी बायको आणि पोरं फुकट कव्हर होतात. प्रायव्हेटवाला एजंट गोड बोलतो, पण तिथे माणशी वेगळा हप्ता.

आता घर. जाहिरातीत काल्ट, म्हणजे नुसत्या घराचं भाडं लिहिलेलं असतं, हीटिंग-पाणी धरून वार्म किती ते विचारा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्ट भाडी, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि किचन आहे का विचारा! आमच्या घरात ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते दोन पाईप बाहेर आलेले, आठ दिवस फरशीवर इंडक्शन मांडून खिचडी केली आणि भांडी बाथरूममध्ये घासली. सेकंडहँड किचन मिळतं, घाई करू नका.

बॅगेत काळा मसाला, बिबडे, उडदाचे पापड आणा. तूप-पेढे नको, दुधाचं काही आणू देत नाहीत. भाजी तुर्की दुकानात घ्या, वांगी जांभळी मिळतात, ओव्हनमध्ये भाजून भरीत होतं, आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही पण चालतं.

घरी पाठवायची रक्कम युरोत ठरवा आणि दोघांनी मिळून ठरवा. भारतातलं जुनं सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं, तिकडच्या पैशासाठी) करून घ्यावं लागतं, इकडून पाठवलेल्या पैशाला वेगळं एनआरई खातं उघडा, त्याच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही. आणि कुणाच्या लग्नाला पैसे मागितले तर सासूबाईंना मिस्टरांनीच फोन करायचा, तुम्ही नाही.