लिनक्स लॅपटॉप घेऊन जर्मनीत येताय? मग एज्युरोमचं आधी बघा

दर ऑक्टोबरात, विंटर सेमिस्टर सुरू होतं त्या आठवड्यात, मला एकाच मजकुराचे मेसेज येतात. "दादा, फोनवर एज्युरोम चालतंय, लॅपटॉप मात्र परत परत पासवर्ड विचारतोय." एज्युरोम म्हणजे विद्यापीठांचं सामाईक वायफाय; आपल्याच विद्यापीठाच्या खात्यावर ते सहभागी असलेल्या दुसऱ्या विद्यापीठांतही चालतं. लॅपटॉपवर उबुंटू नाहीतर फेडोरा असतं, घरी पुण्यात किंवा नाशकात वायफाय नीट चाललेलं असतं, आणि इथे पहिल्याच आठवड्यात कोर्सची नोंदणी अडते. मला इथे अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मुलांच्या शेजारी बसून जे जे सोडवलं ते इथे लिहून ठेवतोय.

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलंत तर पहिलं उत्तर मिळेल ते असं: "नो सीए सर्टिफिकेट इज रिक्वायर्ड या चौकटीवर टिक कर, होऊन जाईल." होतंही. तरी कृपा करून ती टिक करू नका. एज्युरोम हे नाव कोणीही आपल्या राउटरला देऊ शकतो, आणि तो राउटर पाठपिशवीतही मावतो. सर्टिफिकेट तपासणं म्हणजे समोरचा सर्व्हर खरोखर आपल्या विद्यापीठाचाच आहे ना, हे पासवर्ड देण्याआधी बघून घेणं. टिक केलीत की लॅपटॉप ते बघतच नाही. तुमच्या विद्यापीठात टीटीएलएस-पीएपी ही लॉगिनची पद्धत असेल तर पासवर्ड जसाच्या तसा त्या माणसाच्या हातात पडतो. पीईएपी आणि एमएसचॅप-व्ही२ ही दुसरी पद्धत असेल तर तो थेट जात नाही, पण ते कुलूप तकलादू आहे. सगळं कोडं डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या ५६ बिटांच्या एका किल्लीवर येऊन थांबतं, हे मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा-संशोधकांनी २०१२ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत दाखवून दिलंय. आणि बऱ्याच विद्यापीठांत त्याच पासवर्डवर तुमची ईमेल आणि परीक्षेची नोंदणी उघडते.

म्हणून सरळ मार्ग धरा. एज्युरोमचं 'कॅट' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे आपलं विद्यापीठ निवडलं की लिनक्ससाठी एक पायथन स्क्रिप्ट मिळते. ती चालवली की सर्टिफिकेट, सर्व्हरचं नाव, पद्धत हे सगळं नेटवर्क-मॅनेजरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वायफाय सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आपोआप भरलं जातं. शक्य असेल तर ही फाइल विमानात बसायच्या आधी, घरूनच उतरवून ठेवा. राहून गेलं तर फोन एज्युरोमला जोडा, यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन आपलं वायफाय केबलवरून पुढे देतात, सिमकार्डवर डेटा नसला तरी. इथलं सिम सुरू व्हायला ओळख पटवावी लागते, त्यात पहिले दिवस जातात, तेव्हा ही केबल हाताशी असू द्या.

स्क्रिप्ट सर्टिफिकेट तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात ठेवते. पुढे कधी साफसफाई करताना ते उडवलंत तर वायफाय बंद पडेल आणि कारण लक्षात येणार नाही.

हाताने भरायचं असेल तर दोन रकाने नीट बघा. पहिला युजरनेम. तो ॲट (@) आणि विद्यापीठाच्या डोमेनसकट (पत्त्यातल्या नावासकट) लिहायचा. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्क संस्थेच्या क्लास विरेंगा यांनी एज्युरोमची कल्पना मांडली, तिचा गाभाच तो आहे: तुम्ही कुठल्याही विद्यापीठात बसा, ॲटच्या पुढचा भाग बघून तुमची चौकशी तुमच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या सर्व्हरकडे जाते. डोमेन गाळलं तर काही ठिकाणी स्वतःच्या कॅम्पसवर चालतं, आणि मित्राकडे दुसऱ्या गावी गेलात की बंद. दुसरा रकाना डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या नावाचा. तो रिकामा सोडू नका, कारण सर्टिफिकेट देणारी संस्था इतरांनाही सर्टिफिकेटं देते. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये टी-टेलिसेक या संस्थेचं रूट (मूळ) सर्टिफिकेट घ्या असं लिहिलेलं सापडेल. बऱ्याच ठिकाणी ते आता बदललंय, तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या आजच्या पानावर काय आहे तेच धरा. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या विद्यापीठात तर प्रत्येक उपकरणासाठी वेगळं युजरनेम आणि पासवर्ड तयार करून घ्यावा लागतो. नेहमीचा पासवर्ड तिथे कितीही वेळा टाकला तरी चालायचा नाही.

आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणाहून येत असाल तर लॅपटॉपमध्ये जुनं एज्युरोम आधीच साठवलेलं असतं. नाव तेच, माहिती जुनी. ते काढून टाका, मग नवीन जोडा.

एवढं करूनही जोडलं जात नसेल तर टर्मिनल उघडून डब्ल्यूपीए-सप्लिकंटचा, म्हणजे वायफायचं लॉगिन करणाऱ्या प्रोग्रॅमचा, जर्नल (नोंदी) वाचा. तिथे खरं कारण लिहिलेलं असतं. मागच्या वर्षी नांदेडचा एक मुलगा होस्टेलच्या किचनमध्ये लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला होता. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, स्क्रिप्टही चालवलेली. जर्नलमध्ये ओळ होती: "सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड." मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं. तास-मिनिटं खपून जाण्यासारखी होती, पण तारीख जुलैची होती. भावाचा जुना लॅपटॉप, तीन महिने बंद, आतला घड्याळाचा सेल संपलेला. विद्यापीठाने ऑगस्टमध्ये नवं सर्टिफिकेट लावलं होतं, त्यामुळे या लॅपटॉपच्या हिशेबाने ते अजून जन्मालाच आलं नव्हतं. नेट नाही म्हणून घड्याळ जुळत नाही, घड्याळ जुळत नाही म्हणून नेट नाही. सेटिंगमध्ये आपोआप वेळ घेणं बंद केलं, हाताने तारीख घातली, आणि पुढच्या दहा सेकंदांत तो जोडला गेला. तीन दिवस तो रोज लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर रांग लावत होता.

जर्नलमध्ये 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' किंवा 'अनसेफ लेगसी रिनेगोशिएशन डिसेबल्ड' असं दिसलं तर चूक तुमची नाही. उबुंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आली, आणि ती जुन्या पद्धतीच्या सर्व्हरशी बोलायला नकार देते. त्यासाठी अख्ख्या लॅपटॉपची सुरक्षा सैल करू नका, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळवा.

नेटवर्कच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. आरएफकिलने, म्हणजे लिनक्सच्या वायफाय बंद-चालू करणाऱ्या स्विचने, ते अडवलंय का बघा. ब्रॉडकॉमची चिप असेल तर बहुधा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. तोही यूएसबी टेदरिंगवरून उतरतो.

जोडलंय पण पानं उघडत नाहीत, असं झालं तर घरच्या वायफायसाठी हाताने घातलेला डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधणारा सर्व्हर) आधी काढा. डॉकर हे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं: डॉकर १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते घेतो, आणि कॅम्पसवरही तेच पत्ते वापरात असले तर काही सर्व्हर तुमच्यापुरते गायब होतात. दर पाच मिनिटांनी तुटत असेल तर वायफायची पॉवर-सेव्ह बंद करून बघा.

पासवर्ड बदललात की त्याच दिवशी फोन, लॅपटॉप, टॅबलेट सगळीकडे बदला. एखादं उपकरण जुनाच पासवर्ड पाठवत राहिलं तर काही ठिकाणी खातंच कुलूपबंद होतं.

शेवटी रेशेनत्सेंट्रुमच्या, म्हणजे विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या, हेल्पडेस्कवर जावं लागलं तर बिचकू नका, इंग्रजी चालतं. पण "वायफाय चालत नाही" एवढंच सांगू नका. कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: लॅपटॉपचा मॅक पत्ता (वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक), डोमेनसकट युजरनेम, आणि शेवटचा प्रयत्न केल्याची मिनिटापर्यंतची वेळ. मॅक पत्ता दर वेळी बदलण्याची सोय लिनक्समध्ये असते, ती त्या दिवसापुरती बंद ठेवा, नाहीतर त्यांच्याकडे तुमची नोंद सापडणार नाही. तुमची विनंती सर्व्हरपर्यंत पोचली होती की वाटेतच थांबली, हे त्या तीन गोष्टींवरून ते तुमच्यासमोर बघून सांगू शकतात.