पद्मिनीचं हेड घ्यायला निघण्याआधी

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं झाकण, बदलायचं आहे? मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या गल्लीत "पद्मिनीचं हेड आहे का?" असं विचारलंत की "आहे ना शेठ" हेच उत्तर मिळणार. मीही एकदा तेवढ्यावर विसंबून एक हेड रिक्षात टाकून घरी आणलं. हेड आवळायचे स्टड सगळे सुतासारखे बसले. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट ठेवलं तेव्हा कळलं, पाण्याच्या एका भोकाची कड गंजून थेट गॅस्केटच्या सिलिंडरभोवतीच्या रिंगखाली शिरली होती.

तेव्हा सुरुवात दुकानातून नको, आपल्या गाडीपासून करा. आरसी बुकावरचा इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराशी जुळतो का ते पाहा. पन्नास वर्षांच्या गाडीत मधल्या कुणी इंजिन बदललंही असेल. मग व्हर्नियरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजा. कुर्ल्यात बनलेल्या पेट्रोल पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं: बोअर ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५. पद्मिनी जिच्यावरून आली ती मूळ इटालियन फियाट ११००डी मात्र १२२१ सीसीची, स्ट्रोक तोच पण बोअर ७२. दोन्ही एकच समजून परदेशातून गॅस्केट मागवणारे हमखास फसतात. ६८ च्या गॅस्केटची रिंग ७२ च्या बोअरमध्ये चहूबाजूंनी २ मिमी आत येते आणि जळते. झिजलेला सिलिंडर कापून मोठा केलेला, म्हणजे बोअर मारलेला, असेल तर तुमचा आकडा थोडा वाढलेला दिसेल, पण ६८ चा ७२ होत नाही. डिझेल पद्मिनीचं हेड समोर आलं तर हातही लावू नका, ते इंजिनच वेगळं.

आता हेडवरचा नंबर. ओतकामातच उठून आलेला आकडा हा साच्याचा नंबर. कॅटलॉगमधला पार्ट नंबर बहुधा वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही लिहून घ्या, फोटो काढा. माझा खरा भरवसा मात्र नव्या गॅस्केटवर. ते पिशवीत घालून सोबत न्या आणि हेडवर ठेवून एकेक भोक जुळवा: स्टडची, पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची), पाण्याची आणि वरच्या रॉकरला तेल नेणारं ते बारकं भोक. पाण्याच्या भोकांपाशी अंमळ रेंगाळा. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातलेल्या गाडीत या कडा वाळवी लागल्यासारख्या खाल्लेल्या असतात. वेल्डिंग करून, वर रुपेरी रंग मारून ठेवलेलं हेड दिसलं तर नखाने रंग खरवडून पाहाच. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

टॅक्सीचं हेड असेल तर व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडी, बघा. मुंबईतल्या टॅक्स्या सीएनजीवर खूप धावल्या, त्या कोरड्या इंधनाने सीट झिजून व्हॉल्व्ह आत खचतात.

शेवटी, हेड किती वेळा फेस मारलंय, म्हणजे तळ सपाट करायला घासलंय? जाडी चारही कोपऱ्यांवर मोजून आपल्या जुन्या हेडशी ताडा. सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवा, ०.०५ मिमीचं पान सहज आत जात असेल तर अजून एकदा फेस मारावा लागणार, म्हणजे हेड आणखी पातळ होणार. घरी खात्री करायची तर हेड उलटं ठेवा, प्लग लावा, व्हॉल्व्ह बंद ठेवा, चेंबरच्या, म्हणजे पिस्टनवर येणाऱ्या पोकळीच्या, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा बसवा आणि औषधाच्या सिरिंजने रॉकेल भरत किती मिली मावलं ते लिहा. चारही चेंबर जवळपास सारखे यायला हवेत. एका सिलिंडरमध्ये पिस्टन सरकतो ती जागा २७२ सीसी. चेंबर आणि गॅस्केट मिळून ३९ सीसी भरले आणि पिस्टन वर येऊन ब्लॉकच्या तोंडाशी सपाट थांबत असेल, तर कॉम्प्रेशन (एकूण जागा किती पट दाबली जाते ते) साधारण ८ ला १. दाबलेलं गॅस्केट १ मिमीचं असेल तर त्यातले सुमारे ३.६ सीसी त्याचेच.

पैसे देताना बिलाच्या मागे एक ओळ लिहून घ्या: प्रेशर टेस्टला क्रॅक निघाला तर माल परत. लिहून द्यायला का कू केली तर पुढच्या दुकानात जा.