टुरेट असलेलं मूल वर्गात असेल तर

पाचवीचा वर्ग, गणिताचा तास. तिसऱ्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज येतोय, मिनिटाला पाच-सहा वेळा. बाई म्हणतात, "पाणी पिऊन ये." मुलगा पिऊन येतो, आवाज चालूच. मग बाईंचा आवाज चढतो, "आता बास हं!" मुलगा थांबतो. दोन मिनिटं वर्ग चिडीचूप. आणि मग पुन्हा तेच खाकरणं. त्या क्षणी बाईंचं आणि सगळ्या वर्गाचं ठरून जातं: मघाशी थांबवता आलं ना, म्हणजे हा मुद्दाम करतोय.

टुरेट सिंड्रोमबद्दलचे बाकीचे गैरसमज या एका गैरसमजातून फुटतात, म्हणून आधी तोच निस्तरू. टुरेट हा मज्जासंस्थेचा विकार आहे, आणि त्यात नकळत पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा हालचालीला किंवा आवाजाला ‘टिक’ म्हणतात. टिक थोडा वेळ रोखता येते. पण रोखता येते म्हणून ती हौसेनं केलेली ठरत नाही. टिक येण्याआधी शरीरात त्या जागी एक अस्वस्थता दाटते. कुणाला मानेत ताण, कुणाला घशात खवखव, कुणाला पापणीमागे खाज. टिक झाली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, मग पुन्हा दाटतं. शिंक दाबून धरल्यावर जसं होतं, तसं. मोठ्या मुलांना हे शब्दांत सांगता येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला बहुधा नाही, त्याला फक्त "येतं" एवढंच कळतं.

आपल्या भाषेचीही इथे अडचण आहे. चाळे, नखरे, खोड, वेडावणं या सगळ्या शब्दांत हेतू गृहीत धरलेला आहे. त्यामुळे शाळेच्या नोंदींत, पालकांना पाठवलेल्या चिठ्ठीत आणि स्टाफरूममधल्या बोलण्यात सरळ ‘टिक’ हा शब्द वापरा. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" ही म्हण तर इथे दोन्ही अंगांनी चुकते. ही खोड नाही, आणि बहुतेक मुलांमध्ये ती वयाबरोबर पुष्कळ कमी होते. सुरुवात साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान, जोर सर्वांत जास्त दहा ते बारा वर्षांच्या सुमारास, आणि पुढे किशोरवयात उतार. म्हणजे पाचवी ते सातवी हीच सगळ्यात कठीण वर्षं, आणि सर्वांत जास्त शिक्षाही याच वर्षांत होतात.

आधी ओळख पक्की करा

फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन लिहिलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. आजची व्याख्या अशी: हालचालींच्या एकाहून अधिक टिक्स, आवाजाची किमान एक, सुरुवात १८ वर्षांच्या आत, आणि एकूण मुदत एका वर्षाहून जास्त. दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसायला हवेत असं नाही. मुलींपेक्षा मुलग्यांत तिपटी-चौपटीनं जास्त. मूळ मेंदूच्या आतल्या भागात, हालचालींना लगाम घालणाऱ्या जोडण्यांमध्ये आहे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लाड, मोबाइल, आईचं लक्ष नसणं, दृष्ट यांतलं काहीही कारण नाही. बुद्धीशीही संबंध नाही.

पहिल्यांदा दिसतात त्या टिक्स साध्या असतात: डोळे मिचकावणं, नाक मुरडणं, मान झटकणं, खांदे उडवणं, नाक ओढणं, खाकरणं. म्हणूनच मूल आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे फिरतं, चष्मा नाही तर ॲलर्जीचं औषध घेऊन येतं. त्यातच टिक्सची जागा बदलते. डोळे थांबतात, मान सुरू होते, आणि घरच्यांना वाटतं की आता नवीनच चाळा लागला. काही आठवडे जोर, काही आठवडे ओसर, हे चक्र या विकाराचाच भाग आहे. त्यामुळे तीन आठवडे बरं वाटलं म्हणून त्या महिन्यात बांधलेल्या ताईताला किंवा बदललेल्या आहाराला श्रेय देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट नक्की न्या: मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. तपासणीच्या खोलीत अनोळखी माणसासमोर टिक्स बहुतेक वेळा गायब होतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणून मूल परत येतं. वेगवेगळ्या दिवशी, एक-दोन मिनिटांचे, चेहरा आणि खांदे दिसतील असे तीन-चार व्हिडिओ पुरतात. जेवताना, टीव्ही बघताना, अभ्यास करताना. मुलाला सांगून काढा. लपून काढलेला व्हिडिओ त्याला कळला की विश्वास जातो. सोबत एका कागदावर लिहा: पहिली टिक कोणती, कोणत्या वयात, मधे काय बदललं, घरात आणखी कुणाला होतं का. जायचं बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मज्जाविकार वा मानसोपचार विभागात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा त्यांच्याही कानावर घाला, ते पुढे पाठवू शकतात.

तीन गोष्टी टिकसारख्या दिसतात, पण टिक नसतात. मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, पापण्या फडफडतात, हाक मारली तरी कळत नाही आणि नंतर मधलं काही आठवत नाही: हा फीट्सचा एक प्रकार असू शकतो. टिकमध्ये मूल पूर्ण भानावर असतं. दुसरी जास्त गंभीर: घसा दुखून ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या वाहत्या, दर वेळी वेगळ्या हालचाली सुरू होणं, हातातून पेला निसटणं, अक्षर अचानक बिघडणं, विनाकारण रडू येणं. हे संधिवाताच्या तापाशी जोडलेलं असू शकतं आणि त्यात हृदयाची तपासणी लागते. थांबू नका. तिसरी: मोठ्या मुलीला किंवा मुलाला, आधी काही नसताना, एक-दोन दिवसांत एकदम जोरात हातवारे आणि लांबलचक वाक्यं सुरू होणं. कोविडच्या काळात असे रुग्ण अनेक देशांत वाढले. तेही नाटक नसतं, पण उपचार वेगळे असतात.

आणि मान इतक्या जोरानं झटकली जात असेल की हाताला मुंग्या येतात किंवा चालताना तोल जातो, तर त्याच दिवशी डॉक्टर.

वर्गात

मुख्य काम एकच आहे, आणि ते बोलायला सोपं, करायला अवघड: टिककडे लक्ष द्यायचं नाही. बघायचं नाही, वाक्य तोडायचं नाही, सहानुभूतीनं मान हलवायची नाही. "आज कमी आहे ना?" हेही विचारायचं नाही, कारण टिकविषयी नुसतं बोललं तरी ती उठते. मुलाकडे लक्ष द्या, टिककडे नको. उत्तर देताना मधे खाकरला तर उत्तर पूर्ण होऊ द्या आणि उत्तराबद्दलच बोला.

जागा. आपल्याकडे त्रास देणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवतात. टुरेट असलेल्या मुलासाठी ती सर्वांत वाईट जागा. चाळीस जणांची नजर आपल्या मानेवर आहे हे कळलं की तो तास दाबण्यातच जातो. कडेच्या रांगेत, मधल्या किंवा मागच्या बाकावर, दाराजवळ बसवा. आणि कुठे बसायचं ते त्यालाच विचारा.

बाहेर जायची मुभा. कंपासपेटीत एक रंगीत पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. तो बाकावर ठेवला की न विचारता पाच मिनिटं बाहेर. जागा आधी ठरलेली हवी: वाचनालय, रिकामी प्रयोगशाळा, पाण्याच्या टाकीजवळ. शिपाईमामांना माहीत हवं, नाहीतर तेच "तास चालू असताना कुठे हिंडतोस" म्हणून परत आणून सोडतील. मुभा शिक्षेसारखी वापरू नका. "फार आवाज येतोय, जा बाहेर" म्हटलं की पुठ्ठ्याचा अर्थच उलटतो.

घरी आल्यावर टिक्सचा पूर येतो, असं पालक सांगतात. दाबलेल्या टिक्स नंतर व्याजासकट परत येतात असं काटेकोर प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही. पण दाबण्यात लक्ष खर्च होतं हे खरं, आणि घर ही सोडून देण्याची जागा असते. म्हणून शाळा सुटल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ना क्लास, ना गृहपाठ.

टुरेटसोबत पुष्कळदा लक्ष टिकवण्याची अडचण किंवा एकच कृती ‘नीट होईपर्यंत’ पुन्हा पुन्हा करण्याची ओढ असते. अभ्यास टिक्समुळे कमी आणि यांमुळे जास्त बुडतो. वहीत एकच अक्षर खोडून खोडून कागद फाटलेला दिसला तर तो गलथानपणा समजू नका. त्याला खोडरबराऐवजी एक रेघ मारायची सवय लावा आणि लेखनाचं प्रमाण कमी करा. डोळ्यांची टिक असेल तर वाचताना ओळ सुटते. ओळीखाली पट्टी ठेवू द्या. हाताची टिक असेल तर प्रयोगशाळेत ज्योत आणि ॲसिड जोडीदाराकडे, मापन आणि नोंदी याच्याकडे. काम काढून घेऊ नका, वाटून द्या.

आठवी-नववीत एक खास धोका असतो. एका डोळ्याची टिक असलेल्या मुलानं मुलीला डोळा मारला अशी तक्रार येते, आणि चेहऱ्याची टिक असलेलं मूल सरांना वेडावतंय असं ठरतं. हे घडण्याआधी सगळ्या शिक्षकांना, पीटीच्या सरांना, बदली शिक्षकांना आणि बसवाल्या काकांना एक पानभर लेखी माहिती मिळायला हवी. घडल्यावर दिलेलं स्पष्टीकरण सबब वाटतं.

वर्गाला कसं सांगायचं

आधी मुलाची संमती, मग पालकांची. तो वर्गात थांबणार की बाहेर, हेही त्यानंच ठरवायचं. पंधरा मिनिटं पुरतात.

मुलांना सांगा: एक मिनिट पापणी लववायची नाही. घड्याळ लावा, आणि त्याच वेळी पुस्तकातला न शिकवलेला परिच्छेद वाचून दाखवा. मिनिट भरायच्या आत बहुतेकांचे डोळे चुरचुरतात, पाणी येतं, कुणीतरी हसतं, आणि मग पापण्या भराभर लवतात. लगेच परिच्छेदावर तीन प्रश्न विचारा. उत्तरं येत नाहीत. आता दोनच गोष्टी विचारा: "पापणी रोखता आली ना? मग शेवटी लववली ती मुद्दाम का?" आणि "ऐकलं का नाही?" बाकी व्याख्यान नको. डोळ्यांचा त्रास असलेल्या मुलांना यातून वगळा.

हे फसतं ते दोन कारणांनी. एक, शिक्षक उत्साहानं त्या मुलालाच म्हणतात, "करून दाखव बरं." कधीच नाही. दुसरं, सांगून झालं की विषय संपला असं मानतात. आठवड्याभरात कुणीतरी नक्कल करतंच. नक्कल करणाऱ्याला वर्गासमोर झापू नका, त्याला एकट्याला बोलावून बोला.

शिवी निघाली तर

टुरेट म्हणजे शिव्या देण्याचा आजार, ही समजूत व्हिडिओंमुळे पसरली. प्रत्यक्षात शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच अशी टिक असते. निदानासाठी ती लागतही नाही.

पण असते तेव्हा ती झेपायला जड असते, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. मेंदूचा लगाम निसटतो तो नेमका जे बोलू नये त्यावर. त्यामुळे शब्द नेहमी संदर्भ सोडूनच येईल असंही नाही. जाड माणूस समोर आला की जाडपणावरचाच शब्द बाहेर पडतो. तो बोलणाऱ्याचं मत नसतो, बहुधा त्याला सर्वांत जास्त ज्याची भीती होती तेच घडलेलं असतं. त्या क्षणी शिकवणं चालू ठेवा. माफी मागायला उभं करू नका. मात्र ज्याला तो शब्द लागला त्या मुलाशी मधल्या सुट्टीत बोला. शब्द टिकचा होता हे खरं, आणि त्याला वाईट वाटलं हेही खरं.

उपचार आणि परीक्षा

सौम्य टिक्सना औषध लागत नाही. सवय उलटवण्याच्या प्रशिक्षणात मूल टिकची चाहूल ओळखायला शिकतं आणि तिच्याशी जुळणार नाही अशी कृती एक मिनिट किंवा ओढ ओसरेपर्यंत करतं: मान झटकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन मान स्थिर धरणं, आवाजासाठी नाकानं संथ श्वास. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांपैकी निम्म्यांना १० आठवड्यांत ८ सत्रं मिळाली. त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना स्पष्ट फरक पडला. दुसऱ्या गटात, जिथे फक्त माहिती आणि आधार होता, पाचव्या भागापेक्षाही कमी मुलांना. हे शिकवायचं प्रशिक्षित माणसानं. शिक्षकांनी वर्गात "व्यायाम कर" अशी आठवण द्यायची नाही.

औषध चालू असेल तर शिक्षकांना दोन गोष्टी माहीत हव्यात. क्लोनिडीननं पहिल्या तासाला झोप येते, आणि ते एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो, म्हणून सहलीला जाताना गोळ्या विसरायच्या नाहीत. रिस्पेरिडोननं भूक आणि वजन वाढतं. त्यावरून चिडवणं सुरू झालं तर लगेच थांबवा.

परीक्षेत टिक्स वाढतातच. वेगळी खोली दोघांच्या सोयीची: मुलाला दाबावं लागत नाही, इतरांचं लक्ष विचलित होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत टुरेटचं वेगळं नाव नाही. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात नुसतं निदान न लिहिता गरज लिहून घ्या: वेगळी खोली, जादा वेळ, मधे उठण्याची परवानगी, हाताच्या टिकमुळे लेखनिक. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिचं प्रमाणपत्र स्वतंत्र काढा. बोर्डासाठी ही कागदपत्रं नववीतच मार्गी लावा आणि सगळ्या सोयी शाळेच्या घटक चाचणीत एकदा वापरून बघा, म्हणजे जादा वेळ पुरतो का ते आधीच कळतं.

एसटीत, लोकलमध्ये, थिएटरात उपयोगी पडेल असं एक कार्ड करून द्या, पाकिटात मावेल एवढं, लॅमिनेट केलेलं: "मला टुरेट सिंड्रोम आहे. हे आवाज आणि हालचाली मी मुद्दाम करत नाही. त्या थांबवायला सांगितल्या तर वाढतात. मला मदत नको आहे, फक्त दुर्लक्ष करा." खाली पालकांचा फोन नंबर. तीन प्रती करा: एक पाकिटात, एक दप्तरात, एक शाळेच्या कार्यालयात. कार्ड दाखवायचं की गप्प बसायचं, हे त्या वेळी मुलानं ठरवायचं. बरोबरच्या मोठ्या माणसानं ते त्याच्या हातून ओढून घेऊन सगळ्या डब्याला दाखवायचं नाही.